झोपूनही न उतरणारी झोप : महाविद्यालयीन विद्यार्थी आणि सकाळची गुंगी

बुलडाणा : पहाटेची पहिली एसटी गाठून चिखली, मेहकर, खामगाव, मलकापूर किंवा बुलडाण्याच्या महाविद्यालयात पोहोचलेला विद्यार्थी पहिल्याच तासाला पेंगू लागला, की त्याच्यावर आळशीपणाचा शिक्का बसतो. घरी आई-वडील मोबाईलला दोष देतात, वर्गात प्राध्यापक शिस्तीला. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण ते अर्धेच. सतरा ते पंचवीस या वयातील शरीराचे घड्याळ, जिल्ह्याचे भौगोलिक स्थान, उन्हाळ्यातील तापलेल्या रात्री, शेतीच्या विजेचे वेळापत्रक आणि परीक्षांचा ताण या सर्वांचा मिळून जो परिणाम होतो, तो सकाळच्या या गुंगीत दिसतो. तिची किंमत गुणपत्रिकेवर मोजावी लागते आणि कधी कधी रस्त्यावरही. म्हणूनच ही गुंगी म्हणजे नेमके काय, ती कशाने वाढते आणि कोणत्या उपायांनी कमी होते, हे समजून घेणे आवश्यक आहे.

गुंगी म्हणजे काय?

जाग येणे ही दिवा लावण्यासारखी एका क्षणात घडणारी क्रिया नाही. डोळे उघडले तरी मेंदूचे सर्व भाग एकाच वेळी जागे होत नाहीत. श्वास, हृदयाचे ठोके, शुद्ध यांच्याशी संबंधित असलेला मेंदूचा खोल भाग काही मिनिटांत पूर्ववत होतो; परंतु विचार, निर्णय आणि एकाग्रता यांची जबाबदारी असणारा कपाळामागचा भाग त्यामानाने बराच उशिरा कामाला लागतो. या मधल्या काळातील जडपणाला निद्राशास्त्रात निद्रा-जडत्व असे म्हणता येईल. साधारणतः पंधरा मिनिटे ते अर्धा तास ते टिकते. झोप अपुरी असेल, किंवा गाढ झोपेतून अचानक उठावे लागले, तर ते तासभर किंवा त्याहूनही अधिक काळ रेंगाळते.

हे जडत्व किती तीव्र असते, याची कल्पना अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठातील संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगावरून येते. आठ तासांच्या झोपेनंतर उठवलेल्या व्यक्तींना तत्काळ बेरजा करण्यास सांगण्यात आले. पहिल्या काही मिनिटांतील त्यांची कामगिरी चोवीस तास जागे राहिल्यानंतरच्या कामगिरीपेक्षाही वाईट ठरली. जडत्वाचा मोठा भाग दहा मिनिटांत ओसरला, मात्र त्याच्या खुणा दोन तासांपर्यंत आढळत राहिल्या. उठल्याबरोबर पुस्तक उघडून बसणाऱ्या विद्यार्थ्याला 'काहीच डोक्यात शिरत नाही' असे का वाटते, याचे उत्तर येथे मिळते.

झोपेच्या दोन यंत्रणा

स्वित्झर्लंडमधील शास्त्रज्ञ अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये मांडलेली उपपत्ती आजही निद्राशास्त्राचा पाया मानली जाते. त्यांच्या मते झोपेवर दोन यंत्रणांचे नियंत्रण असते. पहिली म्हणजे झोपेचा दाब. जागेपणाचा प्रत्येक तास उलटत जातो तसतसे मेंदूत अॅडेनोसिन हे द्रव्य साठत जाते आणि झोपेची ओढ वाढते. झोपेत हा साठा निवळतो. झोप अपुरी राहिली, तर कालचे देणे आजच्या सकाळवर चढते.

दुसरी यंत्रणा म्हणजे शरीराचे अंतर्गत घड्याळ. डोळ्यांच्या मागे, मेंदूच्या तळाशी असलेल्या सुमारे वीस हजार पेशींचा एक इवलासा पुंजका हे घड्याळ चालवतो. प्रकाशाच्या आधारे तो दिवस-रात्रीची खूणगाठ बांधतो, संध्याकाळनंतर मेलाटोनिन या संप्रेरकाची पातळी वाढवतो आणि पहाटेच्या सुमारास शरीराचे तापमान नीचांकावर आणतो. पेशींमधील हे घड्याळ कसे चालते याचा उलगडा करणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रोसबाश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

या दोन यंत्रणा एकमेकींशी जुळलेल्या असतील, तर माणूस ताजातवाना उठतो. तापमान नीचांकावर असताना, म्हणजे शरीराच्या लेखी मध्यरात्र असताना गजर वाजला, तर जडत्व सर्वाधिक असते. झोपेचे तास भरूनही काहींची सकाळ जड का जाते, याचे हे एक प्रमुख कारण आहे.

वय कोणते, घड्याळ कोणते

वयात येताना हे अंतर्गत घड्याळ मागे सरकते. मुलामुलींना रात्री उशिरा झोप येऊ लागते आणि सकाळी उशिरा जाग येते. जर्मनीतील टिल रोनेबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवून दिले की ही घसरण विशीच्या आसपास टोकाला पोहोचते. मुलींमध्ये ती साधारण साडेएकोणिसाव्या वर्षी आणि मुलांमध्ये एकविसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर. त्यानंतर घड्याळ हळूहळू पुन्हा पुढे येऊ लागते. म्हणजेच पदवीची तीन-चार वर्षे ही आयुष्यातील सर्वाधिक उशिराच्या घड्याळाची वर्षे होत. नेमक्या याच वर्षांत सकाळच्या पाळीची महाविद्यालये, पहाटेच्या शिकवण्या आणि पोलीस भरतीचा सराव विद्यार्थ्यांच्या वाट्याला येतो.

अठरा ते पंचवीस वयोगटासाठी अमेरिकेतील नॅशनल स्लीप फाउंडेशनने २०१५ मध्ये सात ते नऊ तास झोपेची शिफारस केली आहे. रात्री बारा वाजता अंथरुणाला पाठ टेकणारा आणि साडेचारला उठून १६०० मीटर धावण्याच्या सरावासाठी मैदान गाठणारा तरुण यातील जेमतेम साडेचार तास मिळवतो. आठवडाभराची ही तूट तो रविवारी भरून काढू पाहतो, आणि तेथे दुसरा घोटाळा सुरू होतो.

रोनेबर्ग यांनीच २००६ मध्ये या घोटाळ्याला 'सामाजिक जेटलॅग' असे नाव दिले. त्याचे गणित सोपे आहे. सोमवार ते शनिवार बारा ते सहा झोपणाऱ्याच्या झोपेचा मध्यबिंदू पहाटे तीन वाजता येतो. तोच विद्यार्थी रविवारी दीड ते साडेनऊ झोपला, तर मध्यबिंदू साडेपाचला जातो. फरक अडीच तासांचा. भारत आणि सौदी अरेबिया यांच्या घड्याळांतही अडीच तासांचेच अंतर आहे. दर शनिवारी रात्री विमानाने रियाधला जावे आणि सोमवारी पहाटे परत येऊन वर्गात बसावे, तसा हा प्रकार होय. सोमवारची सकाळ सर्वांत जड का असते, हे यावरून ध्यानात यावे.

बुलडाण्याचा सूर्य, मिर्झापूरचे घड्याळ

भारतीय प्रमाणवेळ उत्तर प्रदेशातील मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्तावर आधारलेली आहे. बुलडाणा शहर सुमारे ७६.२ अंश पूर्व रेखावृत्तावर वसले आहे. पृथ्वीला एक अंश फिरण्यास चार मिनिटे लागतात. या हिशेबाने बुलडाण्याची सूर्यवेळ घड्याळापेक्षा सुमारे पंचवीस मिनिटे मागे आहे. भिंतीवरील घड्याळात सहा वाजतात, तेव्हा सूर्याच्या लेखी पावणेसहाही झालेले नसतात. जूनच्या प्रारंभी येथे पावणेसहाच्या सुमारास सूर्य उगवतो. जानेवारीच्या मध्यावर मात्र सूर्योदयाला सात वाजतात. त्या दिवसांत पाचची एसटी पकडणारा विद्यार्थी सूर्योदयापूर्वी दोन तास घराबाहेर पडलेला असतो, आणि घड्याळाला जागे करणारा सकाळचा प्रकाश त्याला मिळतच नाही.

प्रमाणवेळेचा हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. अर्थतज्ज्ञ मौलिक जगनानी यांनी भारतातील आकडेवारीच्या आधारे केलेल्या अभ्यासात असे आढळले की, जेथे घड्याळानुसार सूर्यास्त उशिरा होतो तेथील मुले उशिरा झोपतात. शाळेची वेळ मात्र सर्वत्र सारखीच असल्याने त्यांची झोप कमी होते. सूर्यास्तातील एका तासाच्या फरकामागे मुलांची झोप सुमारे अर्ध्या तासाने घटते आणि त्याचा परिणाम शिक्षणाच्या एकूण वर्षांवरही होतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे. देशाच्या पूर्व टोकाच्या तुलनेत विदर्भ आणि त्याहूनही पश्चिमेकडील महाराष्ट्र या तोट्याच्या बाजूला येतो.

घाटावर आणि घाटाखाली

अजिंठ्याच्या डोंगररांगेने या जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत. बुलडाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा हे घाटावरचे तालुके. तर मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, मोताळा, जळगाव जामोद, संग्रामपूर हा पूर्णेच्या खोऱ्याकडील घाटाखालचा मुलूख. घाटावरच्या बुलडाणा शहराची ख्याती थंड हवेची. घाटाखाली मात्र उन्हाळ्यात दिवसभर तापलेल्या भिंती मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतात, आणि विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षा याच दिवसांत येतात.

झोप लागण्यासाठी शरीराचे तापमान उतरावे लागते. खोलीच तापलेली असेल, तर ते उतरत नाही. ६८ देशांतील ४७ हजार व्यक्तींच्या झोपेच्या नोंदी तपासून २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानुसार, रात्रीचे तापमान ३० अंश सेल्सिअसच्या वर गेल्यास सरासरी झोप चौदा मिनिटांहून अधिक घटते. सरासरीचा हा आकडा लहान वाटतो. पण पत्र्याच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या, कूलर नसलेल्या किंवा वीज गेल्यावर गच्चीचा आसरा घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या रात्री या सरासरीच्या पलीकडच्या असतात. त्यात डासांची भर पडते.

हिवाळ्याची अडचण निराळी. शेतीपंपांना वीज पाळीपाळीने, कधी दिवसा तर कधी रात्री मिळते. रब्बीच्या हंगामात हरभरा-गव्हाला पाणी देण्यासाठी रात्री शेतावर जाणे अनेक घरांत अटळ असते, आणि वडिलांच्या सोबतीला महाविद्यालयात शिकणारा मुलगाच जातो. विद्यापीठाच्या हिवाळी परीक्षा आणि ओलिताची जागरणे अशी एकत्र येतात. शेतीला दिवसा वीज देण्यासाठी राज्य सरकारने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा जाहीर केला. या योजनेकडे सहसा शेतकऱ्याच्या सोयीच्या दृष्टीने पाहिले जाते. ती त्याच्या मुलाच्या झोपेचीही योजना आहे, हे फारसे बोलले जात नाही.

मोबाईल, चहा आणि खर्रा

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली आणि मोबाईल इंटरनेटचे दर कोसळले. खेड्यापाड्यांतील विद्यार्थ्यांना व्याख्याने, प्रश्नसंच, अभ्यासाचे साहित्य हातात मिळाले, हा मोठाच लाभ. परंतु त्याच पडद्याने रात्रीचे दोन तासही नेले. पडद्याचा निळसर प्रकाश मेंदूला दिवसाचा भास करून देतो. प्रकाशमान पडद्यावर वाचणारे आणि कागदी पुस्तक वाचणारे यांची तुलना करणारा एक प्रयोग अमेरिकेत २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पडद्यावर वाचणाऱ्यांमध्ये मेलाटोनिनची वेळ सुमारे दीड तासाने लांबली, झोप लागण्यास अधिक वेळ लागला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सावधपणाही कमी आढळला. प्रकाशाइतकाच दोष मजकुराचाही आहे. एकामागून एक येणारी चलचित्रे मनाला थांबू देत नाहीत.

जागरणासाठी चहा हा जुना सोबती. चहा-कॉफीतील कॅफीन झोपेचा दाब घालवत नाही. अॅडेनोसिनची मेंदूतील जागा अडवून तो केवळ जाणवू देत नाही. कॅफीनचा निम्मा अंश शरीराबाहेर जाण्यास साधारणतः पाच तास लागतात. म्हणजे रात्री नऊला घेतलेल्या चहाचा निम्मा परिणाम मध्यरात्रीनंतर दोन वाजताही शिल्लक असतो. झोप लागली तरी ती उथळ राहते, सकाळी जडपणा येतो आणि तो घालवण्यासाठी पुन्हा चहा घेतला जातो. खर्रा, तंबाखू आणि सिगारेट यांतील निकोटीनही उत्तेजकच आहे. 'खर्रा तोंडात असला की अभ्यास होतो' ही समजूत झोपेच्या दृष्टीने घातक आहे. कर्करोगाचा धोका तर वेगळाच.

जागून केलेला अभ्यास कोठे जातो?

दिवसभरात शिकलेल्या गोष्टी मेंदू प्रथम तात्पुरत्या नोंदवहीत टिपतो. झोपेत त्या कायमच्या खात्यात वळत्या होतात. रात्रीच्या पूर्वार्धात गाढ झोप अधिक असते, तर उत्तरार्धात स्वप्नांची झोप. सुमारे दीड तासाच्या एकेका फेऱ्याने ही चक्रे फिरतात. पहाटे चारला उठणारा विद्यार्थी उत्तरार्धाचा मोठा हिस्सा गमावतो.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत रसायनशास्त्राच्या एका वर्गातील सुमारे शंभर विद्यार्थ्यांच्या मनगटावर पूर्ण सत्रभर झोपेची नोंद करणारे यंत्र बांधण्यात आले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात विद्यार्थ्यांच्या गुणांमधील तफावतीपैकी जवळपास २५ टक्के तफावतीचा संबंध झोपेचा कालावधी, तिचा दर्जा आणि नियमितपणा यांच्याशी दिसून आला. विशेष म्हणजे परीक्षेच्या केवळ आदल्या रात्रीच्या झोपेचा गुणांशी संबंध आढळला नाही. संबंध होता तो शिकण्याच्या काळातील आठवड्यांच्या आणि महिन्याच्या झोपेशी. परीक्षेच्या आदल्या रात्री लवकर झोपून सत्रभराची भरपाई होत नाही, हा त्याचा सरळ अर्थ.

अपुऱ्या झोपेचा सर्वांत फसवा गुण असा की ती झालेल्या माणसाला कळत नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील २००३ च्या प्रयोगात चौदा दिवस रोज सहा तास किंवा त्याहून कमी झोप मिळालेल्यांची बौद्धिक कामगिरी सलग दोन रात्री न झोपलेल्यांच्या पातळीपर्यंत घसरली. मात्र स्वतःला किती झोप येते आहे हे विचारले असता त्यांना आपण बऱ्यापैकी सावरलो आहोत असेच वाटत होते. 'मला पाच तास पुरतात' असे अभिमानाने सांगणाऱ्यांनी हा निष्कर्ष लक्षात ठेवावा.

डुलकीची किंमत

१ जुलै २०२३ रोजी पहाटे दीडच्या सुमारास समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजा तालुक्यातील पिंपळखुटा गावाजवळ नागपूरहून पुण्याकडे निघालेली खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवाशांचा मृत्यू झाला. मृतांत अनेक तरुण होते. चालकाने टायर फुटल्याचे सांगितले. परंतु परिवहन विभागाच्या प्राथमिक तपासणीत त्याला दुजोरा मिळाला नाही आणि चालकाला डुलकी लागली असण्याची शक्यता पुढे आली. सरळ, एकसुरी रस्त्यावर मेंदू मंदावतो या अर्थाचा 'रस्ते संमोहन' हा शब्द त्या काळात राज्यभर चर्चेत होता.

या घटनेतून विद्यार्थ्यांनीही बोध घ्यावयास हवा. कारण पहाटे दुचाकीवरून वीस-पंचवीस किलोमीटर अंतर कापून महाविद्यालय किंवा परीक्षा केंद्र गाठणारे अनेक जण आहेत. ऑस्ट्रेलियातील संशोधक डॉसन आणि रीड यांनी १९९७ मध्ये दाखवले की, सलग सतरा तास जागे राहिलेल्या व्यक्तीची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्यांश असलेल्या व्यक्तीइतकी ढासळते. भारतात वाहन चालवताना मद्यांशाची कायदेशीर मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. सकाळी सहाला उठून रात्री अकरानंतर अभ्यासिकेतून दुचाकीने गावी परतणारा विद्यार्थी दारूच्या थेंबालाही न शिवता या मर्यादेपलीकडे गेलेला असतो. काही सेकंदांची डुलकी डोळे उघडे असतानाही लागू शकते. ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारी दुचाकी तीन सेकंदांत पन्नास मीटर अंतर कापते, हे गणित प्रत्येकाला करता येण्याजोगे आहे.

स्वतःची झोप कशी मोजावी?

जगभर वापरली जाणारी दोन साधने यासाठी उपयुक्त आहेत. पहिले, पिट्सबर्ग निद्रा-गुणवत्ता निर्देशांक. डॅनियल बायसी आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये तो तयार केला. गेल्या महिन्याभराच्या झोपेविषयी एकोणीस प्रश्न विचारून झोपेचा दर्जा, झोप लागण्यास लागणारा वेळ, कालावधी, मध्ये येणारे अडथळे, औषधांचा वापर, दिवसाची मरगळ अशा सात घटकांना गुण दिले जातात. एकूण २१ पैकी पाचहून अधिक गुण म्हणजे झोपेचा दर्जा खालावलेला. दुसरे, मरे जॉन्स यांची १९९१ ची एपवर्थ मापनश्रेणी. वाचताना, दूरचित्रवाणी पाहताना, वाहनात बसले असता अशा आठ प्रसंगी डुलकी लागण्याची शक्यता किती, हे तीत विचारले जाते. चोवीसपैकी दहाच्या वर गुण असल्यास दिवसाची झोप प्रमाणाबाहेर आहे असे मानतात.

साधनांविना करता येण्यासारखी चाचणी म्हणजे झोपेची वही. दोन आठवडे दररोज झोपेची वेळ, जाग येण्याची वेळ, दिवसातील चहा आणि सकाळचा ताजेपणा लिहून ठेवला, तरी आपले गणित कोठे चुकते हे ध्यानात येते.

गुंगी उतरवण्याचे मार्ग

झोपेचे महत्त्व आपल्याकडे नवे नाही. चरकसंहितेत आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य यांना शरीराचे तीन उपस्तंभ मानले आहे. उन्हाळ्यात रात्र लहान असल्याने दिवसा झोपण्यास तेथे मुभा आहे, इतर ऋतूंत निरोगी माणसाला नाही. शेगावच्या काकडआरतीची परंपरा असलेल्या या भागात पहाटे उठण्याचे संस्कार घरोघरी आहेत. मात्र लवकर उठण्याच्या या परंपरेत लवकर झोपणेही गृहीत होते. रात्रीचे जेवण दिवेलागणीला होई, नऊ वाजता गाव निजे. आज उठण्याची वेळ तीच राहिली आणि झोपण्याची वेळ तीन तास पुढे गेली. आधुनिक शास्त्रानुसार पुढील बाबींचा उपयोग होतो.

• उठण्याची वेळ रविवारसह सर्व दिवशी सारखी ठेवावी. फरक एका तासापेक्षा अधिक नसावा. झोपेची तूट भरायची असल्यास रात्री लवकर झोपावे.

• उठल्यावर पंधरा-वीस मिनिटे उजेडात, शक्यतो अंगणात किंवा गच्चीवर घालवावीत. शरीराचे घड्याळ पुढे आणण्याचा याहून स्वस्त उपाय नाही.

• गंभीर वाचन, गणिते किंवा वाहन चालवणे उठल्यानंतर किमान अर्ध्या तासाने सुरू करावे. तोंड धुणे, पाणी पिणे, हलका व्यायाम यांनी जडत्व लवकर ओसरते.

• दुपारची डुलकी दहा ते वीस मिनिटांची असावी. ऑस्ट्रेलियातील २००६ च्या एका अभ्यासात दहा मिनिटांची डुलकी सर्वाधिक लाभदायक ठरली, तर तीस मिनिटांच्या डुलकीनंतर आधी गुंगीच आली. सायंकाळी झोपू नये.

• चहा-कॉफी दुपारी चारनंतर टाळावी. रात्रीचे जेवण झोपण्यापूर्वी दोन ते तीन तास आधी घ्यावे.

• झोपण्यापूर्वी तासभर मोबाईल दूर ठेवावा. तो गजरासाठी लागत असल्यास साधे गजराचे घड्याळ घ्यावे.

• रात्री कोमट पाण्याने स्नान करावे किंवा पाय धुवावेत. हातापायांच्या रक्तवाहिन्या रुंदावून शरीराची आतील उष्णता बाहेर पडते आणि झोप लवकर लागते. तळपायांना तेल चोळण्याच्या जुन्या पद्धतीतही पायांना मिळणारी ऊब हाच धागा असावा.

• उन्हाळ्यात दुपारी खिडक्या बंद ठेवून सूर्यास्तानंतर उघडाव्यात, मच्छरदाणी वापरावी.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

सात-आठ तास झोपूनही महिनाभर सकाळी थकवा जाणवत असेल, तर केवळ सवयींना दोष देऊन चालणार नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) राज्यातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५४ टक्के महिलांमध्ये रक्तक्षय आढळला. विद्यार्थिनींच्या मरगळीमागे तो असू शकतो आणि साध्या रक्तचाचणीत कळतो. थायरॉइडचे विकार, घोरणे आणि झोपेत श्वास अडखळणे यांचाही विचार व्हावा. झोप लागण्यास आठवड्यातून तीनदा किंवा अधिक वेळा त्रास होत असेल आणि असे तीन महिने चालले असेल, तर ती जुनाट निद्रानाशाची अवस्था होय. तिच्यावर गोळ्यांऐवजी वर्तन व विचारांत बदल घडवणारी उपचारपद्धती प्रथम वापरावी, अशी शिफारस अमेरिकेतील वैद्यकतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये केली. औषधाच्या दुकानातून परस्पर झोपेच्या गोळ्या घेणे धोक्याचे आहे.

झोप उडणे ही मनाच्या आजाराची पहिली खूणही असते. २००६ मध्ये केंद्र सरकारने विशेष मदत जाहीर केलेल्या, शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत बुलडाणाही होता. नापिकी, कर्ज, बहिणीचे लग्न, नोकरीची अनिश्चितता ही ओझी घेऊन शिकणारी मुले येथे आहेत. पहाटे तीन-चारलाच जाग येणे, नंतर झोप न लागणे, कशातही मन न रमणे, जगणे नकोसे वाटणे अशी लक्षणे दिसल्यास घरच्यांनी ती आळसात मोजू नयेत. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेलिमानस ही निःशुल्क मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. बुलडाणा येथे २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे.

जबाबदारी केवळ विद्यार्थ्याची नाही

पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊपूर्वी भरवू नयेत, असा आदेश राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये काढला. त्यामागे मुलांच्या झोपेचाच विचार होता. शरीराचे घड्याळ सर्वाधिक उशिराचे असलेल्या महाविद्यालयीन वयाला मात्र त्यात स्थान नाही. सकाळच्या पाळीचा पहिला तास अर्ध्या तासाने पुढे नेणे, प्रात्यक्षिके व कठीण विषय त्यानंतर ठेवणे, वसतिगृहांत रात्री अकरानंतर शांतता पाळणे आणि एसटीच्या फेऱ्या महाविद्यालयाच्या वेळेशी जुळवणे, या गोष्टींना फारसा खर्च नाही.

रात्रीच्या गोंगाटाविषयी तर कायदाच आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकांवर बंदी असून निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने झोपेचा अंतर्भाव जगण्याच्या मूलभूत अधिकारात केला, आणि एप्रिल २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रात्रभर चाललेल्या चौकशीवर नापसंती व्यक्त करताना झोप ही माणसाची मूलभूत गरज असल्याचे नमूद केले. आरोपीच्या बाबतीत मान्य झालेली ही गरज विद्यार्थ्याच्या बाबतीत चैन ठरू नये. वर्गात पेंगणाऱ्या मुलाला बाकावर उभे करण्यापूर्वी 'काल किती वाजता झोपलास, आणि किती वाजता उठावे लागले?' एवढे जरी विचारले गेले, तरी उपायाची सुरुवात झाली असे म्हणता येईल.